कोपऱ्याचा अखंड रस्सा

हंडा कलंडला तेव्हा प्राध्यापकांच्या मनात पहिला विचार आला तो तळावरच्या अक्षरांचा. दुसरा आला तो चष्म्याचा, कारण अक्षरे फारच बारीक होती. ज्या रश्श्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, तो रस्सा आपल्या बुटांवरून आणि फरशीवरून मोरीच्या जाळीकडे अत्यंत शांतपणे निघून चालला आहे, हा विचार तिसरा. तो आला तेव्हा जाळीवर घेवड्याचे काही दाणे आणि एक हाड एवढाच ऐवज शिल्लक होता.

सांडलेल्या रश्श्याचे एखाद्या घरी फार तर वाईट वाटते. इथे हबकून जाण्यासारखे कारण होते. उपनगराच्या टोकाला, जिथे बसगाड्या वळसा घेऊन माघारी फिरतात तिथे, प्राध्यापकांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, सासऱ्यांनी ‘कोपरा’ नावाचा पब काढला. उद्घाटनाच्या दिवशी जो रस्सा आचेवर चढला तो पुन्हा म्हणून उतरला नाही, अशी त्याची ख्याती. ताटल्यांतून जेवढा बाहेर जाई तेवढी भर रोज सकाळी पडे: हाडे, घेवडा, कांदा, पाणी. रात्री आच मंद होई, विझत नसे. सासरे गेले, ताईंचे यजमान गेले, शेतांच्या जागी इमारती आल्या, रस्ता सरकल्यामुळे ‘कोपरा’ आता कोपऱ्यावरही उरला नाही. रस्सा मात्र तोच. “आजोबांनी खाल्ला त्यातलाच घास नातू खातो,” हे वाक्य ताई काउंटरमागून दिवसाकाठी दहादा तरी म्हणायची, ग्लासावरचा फेस चमच्याने कापता कापता.

प्राध्यापक स्वतः लिंबू-सोड्यापलीकडे गेले नव्हते. बहिणीच्या धंद्याला ते अनेक वर्षे ‘गुत्ता’ म्हणत आणि तोंड फिरवत. इतिहासाच्या अध्यापनात त्यांची हयात गेली होती आणि त्यातला बहुतेक काळ बनावट सनदा, बनावट शिलालेख आणि बनावट वंशावळी उघड्या पाडण्यात गेला होता. परंतु रस्ता रुंद करण्याची योजना आली, ‘कोपरा’ पाडायचे ठरले आणि ताई पहिल्यांदाच त्यांच्या घरी येऊन काही न बोलता बसून राहिली, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. ‘एका पानगृहातील पाकसातत्य’ हा त्यांचा चाळीस पानी निबंध वारसा समितीकडे गेला. समितीने कळवले की इमारतीत जपण्यासारखे काही नाही, पण रस्सा खरोखरच अखंड असेल तर जागेची नोंद होईल आणि रस्ता पलीकडून जाईल. पाहणी आज दुपारी होती.

पाहणीला तळटीप येणार होते, हीच अडचण होती. समितीतले हे तज्ज्ञ प्राध्यापकांचे विद्यापीठातले समकालीन. दुसऱ्याच्या ग्रंथात त्यांना मजकूर कधी दिसतच नसे, फक्त तळटिपा दिसत आणि त्यांतल्या चुका दिसत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. सबंध कारकिर्दीत त्यांनी प्राध्यापकांचा उल्लेख आपल्या लेखनात एकदाही केला नव्हता. चूक म्हणूनसुद्धा नाही.

आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. “हंड्याचा काळ आपण कशावरून ठरवलात?”

“कुटुंबाच्या स्मृतीवरून.”

“म्हणजे ऐकीव,” असे म्हणून तळटिपांनी फोन ठेवला होता.

त्या एका शब्दाने प्राध्यापकांची झोप उडाली. जुन्या भांड्याच्या तळाला कारागिराचा शिक्का असतो, एवढे त्यांना वाचून माहीत होते. म्हणून आचारी यायच्या आत ते मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले, गॅस बंद केला, दोन फडक्यांनी हंड्याचे कान धरले आणि तो बोटभर, फक्त बोटभर, तिरका केला. पुढचे काम भरल्या हंड्याने स्वतःच पूर्ण केले.

आता चष्मा पुसून, ओल्या फरशीवर गुडघे टेकून, त्यांनी तळ वाचला. शिक्का होता. कारखान्याचे नाव होते. त्याखाली स्पष्ट ठशात लिहिले होते: ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.’

तीन पिढ्यांपूर्वीचा तो कारागीर एकतर द्रष्टा असला पाहिजे, किंवा चाळीस पानांपैकी निदान अकरा पाने आत्ता या क्षणी फाडून टाकायला हवीत, असे दोनच पर्याय इतिहासशास्त्राने त्यांच्यापुढे ठेवले.

“अगं बाई! हंडा असा आडवा का?” दारात ताई उभी होती.

“ताई, तू आधी बस.”

“बसू कुठे? सगळं ओलं करून ठेवलंयस! आणि रस्सा कुठाय?”

प्राध्यापकांनी मोरीकडे बोट दाखवले. ताईंच्या तोंडाचा आ झाला, तो मिटेना. या बाईने दारू चढलेल्या धिप्पाड गिऱ्हाइकांना कानाला धरून बाहेर काढलेले होते. तिला शब्द सापडत नाही हे दृश्य प्राध्यापकांनी लहानपणापासून आजवर पाहिले नव्हते.

“सगळा?”

“काही दाणे आहेत.”

“चाळीस पानं लिहिलीस आणि एक हंडा धरता येईना तुला!”

“मी पुरावा बघत होतो. ताई, ह्या हंड्यावर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये असं लिहिलंय.”

“मग? ठेवलाय का आम्ही?”

“मुद्दा तो नाही! हा हंडा तुझ्या मामंजींच्या वेळचा आहे असं तू मला सांगितलंस.”

“जुन्याला भोक पडलं, मी नवा आणला. रस्सा ह्यात ओतून घेतला. हंडा बदलला म्हणून रस्सा बदलतो का? तू चष्मा बदलतोस, मग काय डोळे बदलतात तुझे?”

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या प्रश्नावर झालेल्या वादांची उजळणी करण्याची ही वेळ नव्हे, हे प्राध्यापकांना समजले, कारण तेवढ्यात आचारी आला. आचाऱ्याची जीभ ही त्या भागातली प्रतिष्ठित संस्था होती. रश्श्याचा थेंब तिच्यावर ठेवून तो गतसालचा पाऊस सांगतो, अशी वदंता होती. त्याने हंडा पाहिला, मोरी पाहिली, प्राध्यापकांचे बूट पाहिले आणि कपाळावर हात मारून तो बटाट्यांच्या पोत्यावर बसला.

“सर, हे काय करून बसलात!”

“दुपारपर्यंत नवा होईल ना?”

“रस्सा होईल हो. रंग येईल, घेवडा शिजेल. पण त्यात जुनेपण कुठून आणू? बाजारात मिळतं का ते?”

या वाक्यासरशी प्राध्यापकांना विरजण आठवले. घरातले दही संपले तर शेजारून चमचाभर आणले म्हणजे परंपरा मोडत नाही. जुन्या रश्श्याचा एक चमचा जरी नव्यात पडला, तरी सातत्य तांत्रिकदृष्ट्या अबाधित! “ताई, इथला रस्सा कोणी घरी नेतं का?”

“डबलबेल नेतो की. रोज संध्याकाळी डबा भरून.”

डबलबेल म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. दुसरा ग्लास हवा असला की तो रिकाम्या ग्लासावर नाण्याने दोनदा टणटण करी, आणि त्याखेरीज दुसरे काही फारसे बोलत नसे. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता. रश्श्याने माखलेल्या बुटांनी प्राध्यापक तिथवर जवळजवळ धावतच गेले. डबलबेल फिरायला गेला होता. दार त्याच्या बायकोने उघडले.

“वहिनी, काल कोपऱ्यावरून आणलेल्या रश्श्यातला थोडा उरलाय का? चमचाभर पुरे.”

“तो होय? तो मी आल्या आल्या ओतून देते.”

“काय?”

“इतका वास मारतो डबा, सिगारेटींचा आणि बिअरचा. शिसारी येते. मी आपला माझा करते, त्याच डब्यात भरते आणि ह्यांना वाढते.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.” तिने आत डोकावून खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. “हे जेवताना म्हणतात, कोपऱ्याची सर घरच्या रश्श्याला यायची नाही. म्हणू देत. चार घास जास्त जातात.”

एका गृहस्थाची तीस-पस्तीस वर्षांची साक्ष, जी निबंधात ‘प्रत्यक्षदर्शी आस्वादकाचे विधान’ म्हणून उद्धृत झाली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत धुळीला मिळाली. पण वहिनी आत जाऊन मोठे झाकणाचे पातेले घेऊन आल्या.

“आजचा आत्ताच उतरवलाय. अडचण आहे ना तुमची? न्या. आमच्या ह्यांना मी अंडी करीन.”

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही बनावट सनद नजरेतून सुटू दिली नाही, तो माणूस भर सकाळी, दोन्ही हातांत एक बनावट मूळ साधन धरून, ते हिंदकळू नये म्हणून पाय मोजूनमापून टाकत, दोन गल्ल्या ओलांडून आला. ताईंनी एक शब्दही न विचारता पातेले हंड्यात रिकामे केले. आचाऱ्याने वरून पाणी घातले आणि चेहऱ्यावर जुनेपण आणले.

दुपारी समिती आली. अध्यक्षबाई होत्या, तळटीप होते आणि खांद्याला पिशवी लावलेला एक सडपातळ मनुष्य होता, ज्याची ओळख “हेही आमच्याबरोबर आहेत” एवढीच करून देण्यात आली. ठेंगण्या छताची ती लांबट खोली, कोपरांनी झिजून गुळगुळीत झालेली काउंटरची कड, ग्लासांच्या गोल डागांनी भरलेली टेबले, हे सारे बाईंनी कौतुकाने पाहिले. सडपातळ मनुष्याने छताचे कोपरे पाहिले.

रस्सा आला, सोबत पाव आला. बाईंनी घास घेऊन डोळे मिटले. “काळ,” त्या म्हणाल्या. “जिभेला अगदी काळ लागतो हो!”

तळटिपांनी तीन चमचे खाल्ले, प्रत्येकानंतर थोडे थांबून. “आश्चर्य आहे,” तळटीप म्हणाले. “विद्यार्थिदशेत मी इथे येत असे. हीच चव.”

हीच चव! सकाळी साडेआठला उतरवलेली! प्राध्यापकांच्या अंगावर शहारा आला. आणि तो पश्चात्तापाचा नसून, ज्याच्या निकालांपुढे सगळे विद्यापीठ चळचळा कापे त्या माणसाच्या जिभेविषयीचा थंड संताप होता, हे त्यांना कबूल करावे लागले.

बाईंनी साक्षीसाठी डबलबेलला बोलावले. त्याने चमचा तोंडात घातला आणि बुचकळ्यात पडून थांबला. “आज इथंच घरी नेल्यासारखा लागतोय,” तो म्हणाला.

“वा! किती सुंदर बोललात!” असे म्हणून बाई प्राध्यापकांकडे वळल्या. “तर मग सर, हा हंडा कधी रिकामा झालेला नाही, धुतलेला नाही, हे तुम्ही खात्रीनं सांगता?”

काउंटरमागून ताई बघत होती. प्राध्यापकांनी निबंधाचे बाड पुढे सरकवले. “माझा निबंध आपल्यासमोर आहे,” ते म्हणाले. असत्य न बोलता निसटण्याची ही वाट त्यांनी आयुष्यभर इतरांच्या ग्रंथांत दाखवून दिली होती.

“मी वाचलाय,” सडपातळ मनुष्य पहिल्यांदाच बोलला. “चाळीसही पानं. असा पुरावा आमच्याकडे सहसा लेखी येत नाही.” त्याने पिशवीतून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले. “अन्नसुरक्षा विभाग. तीन पिढ्या न धुतलेलं भांडं. शिवाय तुम्ही लिहिलंय की ‘तळाशी साचलेला थर हाच या वास्तूचा खरा अभिलेखागार होय.’ बरोबर?”

“ते... ते लाक्षणिक अर्थानं.”

“थर लाक्षणिक नसतो, सर.” ओळखपत्रापाठोपाठ पिशवीतून लाख, दोरा आणि सील बाहेर आले.

डबलबेलच्या हातातला चमचा तसाच राहिला. ताईंनी काउंटरची कड घट्ट धरली आणि भावाकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होते. रस्त्यापासून वाचवण्यासाठी आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य आता कुलूप होऊन दाराला लागते आहे, हे प्राध्यापकांना त्या नजरेत वाचता आले.

“थांबा!” ते उभे राहिले. “निबंध चुकीचा आहे. रस्सा आज सकाळीच सांडला. माझ्याच हातून. सगळा!”

“सर, सील बघितलं की सगळ्यांचाच सांडतो.”

“हंडासुद्धा नवा आहे! आणि तुम्ही आत्ता खाल्लात तो रस्सा ह्यांच्या घरचा आहे!”

“आमच्या घरचा?” डबलबेल म्हणाला. “आमच्या घरी तर इथलाच असतो.”

“बघा,” अधिकारी म्हणाला आणि काडी ओढून लाख तापवू लागला.

तेव्हा आचारी पुढे झाला. “साहेब, सील नका लावू. दर सोमवारी मी हंडा ओततो. घासतो, उकळत्या पाण्यानं धुतो आणि नवा रस्सा चढवतो. नोकरीला लागलो त्या आठवड्यापासून. ताईंना पत्ता नाही. माणसं जेवतात हो त्यातलं!”

“सोमवारी?” ताई किंचाळली. “तरीच! तरीच म्हटलं, मी गुरुवारी घासायला घेते तेव्हा तळ इतका लखलखीत कसा!”

“गुरुवारी?” आचारी मागे सरकला. “ताई, तुम्ही?”

“सासूबाईंनी शिकवलं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. म्हणाल्या, गुपचूप घासायचा, मामंजींना कळू द्यायचं नाही, त्यांचा जीव आहे त्या रश्श्यात. आणि मामंजी रविवारी पहाटे घासायचे. सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांना कधी बोलल्या नाहीत.”

अधिकाऱ्याला पुरावा हवा होता. आचाऱ्याने पिठाच्या डब्यामागून आपली घासणी आणली. ताईंनी बाटल्यांच्या क्रेटखालून आपली आणली. दोन्ही झिजून गेलेल्या. दोघांनी एकमेकांच्या घासणीकडे असे पाहिले की जणू संसारातली चोरीच पकडली. अधिकाऱ्याने दोन्ही उजेडात धरून पाहिल्या, हंड्याच्या आत बोट फिरवले, बोट पाहिले. मग लाख विझवली, सगळे पिशवीत भरले आणि म्हणाला, “एक प्लेट मलाही द्या. पाव जरा भाजून.”

प्राध्यापक मनातल्या मनात हिशेब करत होते. आठवड्यातून दोनदा! ज्या सातत्यावर आपण चाळीस पाने लिहिली, ते आठवड्यातून दोनदा मोरीतून जात होते, आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या सर्वांना, निदान अर्धे अर्धे, ते माहीत होते.

“म्हणजे वारसा काही नाहीच,” अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. “रस्सा अखंड नाही, हंडा जुना नाही. मला वाईट वाटतं, ताई. मग रस्ता इथूनच जाणार.”

ताई खाली बसली. पुन्हा तशीच, काही न बोलता.

“वारसा आहे,” तळटीप म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या.

“रस्सा हजारो वेळा संपला. थाप मात्र एकदाही मोडली नाही. तीन पिढ्या, एका छपराखाली, नवऱ्याने बायकोपासून, सुनेने सासऱ्यापासून, आचाऱ्याने मालकिणीपासून ती जपली, प्रत्येकाने दुसऱ्याचं मन राखण्यासाठी. इतकी शुद्ध मौखिक परंपरा माझ्या पाहण्यात नाही.” त्यांनी निबंधाच्या बाडावर तळहात ठेवला. “आणि हा तिचा सर्वांत विस्तृत, सर्वांत निरागस लिखित आविष्कार. मी अहवालात आपला उल्लेख करणार आहे. मुख्य मजकुरात.”

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते असे आले, हे प्राध्यापकांच्या मेंदूपर्यंत पोहोचेस्तोवर बाईंनी कागदावर सही केलीसुद्धा. “एकच अट आहे हं,” त्या उठता उठता म्हणाल्या. “जिवंत परंपरा म्हणून नोंद होतेय, तर ती चालू राहिली पाहिजे. इथं ‘आम्ही हंडा धुतो’ अशी पाटी लागली, की नोंद रद्द.”

“आणि धुतला नाहीत तर मी आहेच,” अधिकारी पावाने प्लेट पुसून घेत म्हणाला.

समिती गेली. ताईंनी पदराने डोळे टिपले, भावापुढे लिंबू-सोडा ठेवला आणि पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बसून ते, एका शास्त्राचा असा अंत कोणत्या ग्रंथात नमूद आहे, याचा विचार करत राहिले.

दार ढकलून एक तरुण जोडपे आत आले, बहुधा नव्या इमारतींतले. त्यांनी रस्सा मागवला. मुलीने वाफेत नाक खुपसले आणि शेजारच्या स्टुलावरच्या, सगळ्यांत विश्वासार्ह दिसणाऱ्या गृहस्थांना विचारले, “काका, हा हंडा म्हणे कधीच धुतलेला नाही. खरंय का हो?”

ताईंचा फेस कापणारा चमचा हवेत थांबला. आचारी दारात येऊन उभा राहिला. प्राध्यापकांकडे खरे उत्तर तयार होते, संदर्भांसह. त्यांनी ग्लास खाली ठेवला, चष्मा नीट बसवला.

“कधीच नाही,” ते म्हणाले, आणि कोणी विचारले नसताना, वर्गातल्याच आवाजात, पुढे म्हणाले, “मी स्वतः तपासलंय.”